गुलाबी राहिलेलं पाणी

आमच्या शाळेच्या समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. डावीकडे दगडी विहीर आणि तिच्यावर लाल रंगाची मोठी फुली. उजवीकडे बोरिंग, म्हणजे हातपंप, आणि त्याच्या दांड्याला लोंबकळणारा हसरा मुलगा. मी त्या शाळेत शिकले तेव्हाही ते होतं आणि शिकवायला आले तेव्हाही होतं. मधे एकदा भिंतीला रंग दिला, पण पेंटरने जुन्याच रेषांवरून ब्रश फिरवला. फक्त मुलाचा निळा शर्ट हिरवा झाला.

लहानपणी मला त्या चित्राचा राग यायचा. गावात चौकाचौकात बोरिंग झाल्या होत्या, आमच्या मोहल्ल्यात नव्हती. नाल्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आम्हा बौद्धांची घरं, आणि आमच्याकडे फक्त विहीर. गावातली पोरं आम्हाला 'फुलीवाले' म्हणायची. 'यायच्या', म्हणजे ह्यांच्या, पोटात किडे हायेत म्हणायची. विज्ञानाच्या पुस्तकातही तेच लिहिलं होतं: उघड्या विहिरीच्या पाण्यात जंतू असतात, त्याने हगवण लागते, कावीळ होते. त्यामुळे मला तेव्हा असं वाटायचं की विज्ञान त्यांच्या बाजूने आहे.

त्या विहिरीची गोष्ट थोडक्यात सांगते. दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी ठरवलं की आता पाणी मागायचं नाही. त्याआधी आमच्या बायका गावच्या विहिरीपाशी गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन खाली बसायच्या, आणि कोणाला वेळ मिळाला, दया आली, की वरून पाणी ओतलं जायचं. पण खडकातली विहीर हाताने खणायची म्हणजे खेळ नव्हता. ठरवून बरीच वर्षं गेली. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा काम चालू होतं. अंगावरची हळद उतरली नव्हती तरी तिने मातीच्या टोपल्या वाहिल्या. विहार नंतर बांधला, विहीर आधी. गावची विहीर मात्र बोरिंग आल्यावर कोणाला नको झाली. तिच्यात कचरा टाकला, मग मुरूम टाकला, मग वर सिमेंटचा स्टेज बांधला. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तेव्हा त्या स्टेजवर नाटक होतं. नटांच्या पायाखाली विहीर आहे हे आता म्हाताऱ्यांनाच माहीत.

मी आमच्या मोहल्ल्यातली पहिली बी.एस्सी. हे मुद्दाम लिहिते. काहींना वाटतं असं स्वतःहून सांगू नये. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकल्या त्यांना ते शोभतं, मला नाही. चंद्रपूरला कॉलेज केलं, बी.एड. केलं, आणि ज्या शाळेत मला मागच्या रांगेत बसवायचे तिथेच विज्ञान शिकवायला आले. राहायला मूल या तालुक्याच्या गावी, येणं-जाणं एसटीने. शाळा सुटली की नाला ओलांडून आईकडे जायचं, चहा घ्यायचा आणि संध्याकाळची बस पकडायची, असा माझा नेम.

एका वर्षी प्रशिक्षणात आम्हाला पाणी तपासायची पेटी मिळाली. त्यात एका गुलाबी औषधाची बाटली होती. पाण्यात थेंब टाकायचे. गुलाबी रंग राहिला तर पाणी चांगलं, पिवळा झाला तर त्यात फ्लोराईड जास्त. एवढं सोपं. साहेबांनी सांगितलं की पोरांना पुस्तकातून काढून गावात न्या, विज्ञान जगण्याशी जोडा, पर्यावरण आणि समाज जोडा. टाळ्या झाल्या, जेवण झालं. बहुतेकांच्या पेट्या कपाटात गेल्या. माझी नाही गेली. मला खरंच वाटलं होतं की जोडायचंच असतं.

आठवीच्या वर्गाला सांगितलं, उद्या प्रत्येकाने घरून बाटलीत पाणी आणायचं. आणलं. बाटल्यांवर नावं चिकटवली, बेंचवर ओळीत मांडल्या आणि पोरांनीच थेंब टाकले. पहिली पिवळी. दुसरी पिवळी. पोरांना तो रंग फार आवडला, पिवळं झालं की ती खुश व्हायची. मग आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांच्या बाटल्या आल्या. त्या गुलाबीच राहिल्या. पुन्हा थेंब टाकला, तरी गुलाबी.

एक पोरगा म्हणाला, "मॅडम, यायचं पाणी पाणचट हाय. रंगच पकडत नाई."

वर्ग हसला. आमची पोरं खाली बघायला लागली. मी त्यांना हसू दिलं आणि मग सांगितलं की गुलाबी म्हणजे चांगलं. त्यानंतर जी शांतता पसरली ती मला, खरं सांगते, गोड लागली. फुलीवाल्यांचं पाणी पास झालं होतं आणि हसऱ्या पोराचं नापास.

मग समजावून सांगितलं. बोरिंग खोल जाते, तिथल्या खडकात फ्लोराईड असतं, ते पाण्यात उतरतं. आमची विहीर उथळ, पावसाचं पाणी झिरपून भरणारी, म्हणून ती वाचली. फ्लोराईडमुळे दात डागाळतात, पुढे हाडं आखडतात. हे बोलताना वर्गाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या तोंडांकडे एकत्र बघितलं. गावातल्या जवळपास प्रत्येक पोराच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. रोज बघून ते दिसायचे बंद झाले होते. आमच्याकडे पोरांचे दात पिवळे दिसले की पहिला संशय खर्‍यावर. सुपारी-तंबाखूचा तो खर्रा इकडे दुधाच्या दातांपासून चघळतात, त्यामुळे संशय खोटाही नसतो.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. गावातल्या मोठ्या घरची, वर्गात हुशार. बोलताना ओढणी नेहमी तोंडावर धरायची. आम्हाला वाटायचं लाजते.

"मॅडम, गेल्या वर्षी मले खर्‍यासाठी मारलं होतं सरनं. मी कधी खाल्लाच नाई."

मी सांगितलं की तू खाल्ला नाहीस हे आता सगळ्यांना कळलं. ती बसली नाही. तिने विचारलं की हे डाग आता जातील का. मी म्हटलं, आलेले दात तसेच राहतील. कायमचे दात हिरडीच्या आत लहानपणीच घडतात, पहिल्या काही वर्षांत, आपल्याला दिसत नाहीत तेव्हा. बिघडायचे ते तिथेच बिघडतात.

तिची एक धाकटी बहीण होती, तेव्हा जेमतेम पाय टाकायला लागलेली, घरातलं शेंडेफळ. सगळे तिला लहानी म्हणायचे.

"लहानीले आत्ता दुधाचे येऊन राह्यले," ती म्हणाली. "म्हणजे तिचे खालचे अजून आतमधीच हायेत. दुसरं पाणी पाजलं तं तिचे वाचतील?"

"वाचतील," मी म्हटलं.

विज्ञानाच्या शिक्षिकेला असा प्रश्न आयुष्यात एकदा मिळाला तरी पुरे. मी त्या संध्याकाळी बसमधे एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ती मुलगी तेलाचा हिरवा कॅन घेऊन आमच्या विहिरीवर आली. हे मला आईने सांगितलं. मुलगी काठाशी उभी राहिली आणि आईला म्हणाली, आजी, देता का थोडंसं पाणी. आईने दोर तिच्या हातात दिला.

"मी वतून देणार नाई. शेंदून घे."

मुलीला वाटलं म्हातारी चिडली. आई चिडली नव्हती. माहेरच्या गावी तिने वरून ओतलेलं पाणी खाली बसून घेतलं होतं, आणि आपल्या विहिरीवर कोणी तसं घेऊ नये आणि कोणी तसं देऊ नये, असा तिचा नेम होता. मोहल्ल्यातल्या सगळ्याच जुन्या बायकांचा होता. आलेला माणूस कलेक्टर असो की भिकारी, दोर घ्यायचा, स्वतः शेंदायचं. त्या मुलीने जन्मात विहिरीचं पाणी काढलं नव्हतं. बादली पाण्यावर नुसती तरंगत राहायची. आईने तिला दोराला झटका कसा द्यायचा ते दाखवलं, बादली कलंडली, भरली, आणि ती वर येईपर्यंत मुलीचे तळहात लाल झाले. आईने एवढंच आणखी सांगितलं की उकळून पाज, विहिरीत जंतू राहतात, आमच्या पोरीच्या शाळेतल्या भिंतीवर लिहिलं हाय.

ती रोज यायला लागली. तिच्या आईने घरात लहानीसाठी वेगळा माठ मांडला. मग त्यांच्या शेजारची सून आली, तिच्या कडेवर पोर होतं. मग आणखी दोघी-तिघी आल्या. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते, बायका सकाळीच शेतात बांधीवर जायच्या. जाता जाता नाल्यावरून वळायच्या, कॅन भरून विहारापाशी ठेवायच्या आणि येताना घेऊन जायच्या. गप्पा होऊ लागल्या. एकीने आमच्या वहिनीला जवसाची चटणी आणून दिली. आई म्हणायची, विहिरीले जत्रा लागली. मी वर्गात पोरांकडून एक मोठा नकाशा काढून घेतला, गावातली प्रत्येक बोरिंग पिवळ्या रंगात आणि एक विहीर गुलाबी. विज्ञान प्रदर्शनात तो नकाशा तालुक्यात पहिला आला. हे मी अभिमानाने सांगत फिरले.

गावात कुजबुज सुरू झाली ती त्याच सुमारास. सुना कोणाला न विचारता पाण्यासाठी पलीकडे जाऊन राह्यल्या, असं म्हाताऱ्यांनी म्हटलं. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. आमच्याकडे असं भांडण आता होत नाही, सगळे एकमेकांच्या लग्नात जातात, आहेर देतात, फक्त जेवणाची वेळ चुकवतात. ग्रामसभेत विषय निघाला तोही फार चांगल्या भाषेत. मला नकाशा घेऊन बोलावलं. मी बोलले, लोकांनी ऐकलं. मग सरपंचबाईंच्या नवऱ्याने तोडगा सांगितला. विहिरीवर मोटार बसवू, पाईप टाकू, चौकात टाकी बांधू. बायकांचे हेलपाटे वाचतील, पलीकडच्यांनाही एक नळ देऊन टाकू. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, हे लपवत नाही. मला क्षणभर फक्त टाकी दिसली आणि लहानी दिसली.

मागे आमचे लोक उभे होते. त्यांच्यातून आईचा आवाज आला.

"बायका दोर घेऊन शेंदून राह्यल्या ना? मंग पाईप कशाले?"

कोणीतरी नरमाईने उत्तर दिलं की बाई, म्हाताऱ्या लोकाइले जरा जड जाते. टाकीत आलं की कोणी काई म्हणणार नाई.

सभा तिथेच संपली नाही, पुढे रस्त्याचा विषय होता, पण आमचे लोक एकेक करून बाहेर पडले.

मोहल्ल्यात त्यानंतर रोज वाद. तरुण पोरं म्हणायची, घेऊ द्या ना पाणी, आपल्याला फुकटात नळ मिळतो, पाण्याची कुठी जात असते. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, तेच तं. पाण्याची नसते तं विहिरीवर या. एकटी आई नव्हती, पण बोलणारी तीच होती.

आणि एका रविवारी त्या मुलीचे आजोबा आमच्या घरी आले. गावात त्यांचा शब्द चालायचा. माणूस वाईट नव्हता, मला दहावीत चांगले मार्क पडले तेव्हा याच माणसाने शाळेत माझ्या हातात पेन दिला होता. त्यांची पाठ पार वाकलेली, मान वळत नसे. बाजूला बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. लोक म्हणत, जन्मभर रोवणा केला, कंबर गेली. मी त्यांना दारापुढच्या छपरीतल्या खाटेवर बसताना बघत होते, खाटेच्या पाटीला धरून हळूहळू, लाकूड वाकवावं तसं, आणि मला पेटीतला पिवळा रंग आठवत होता.

आईने चहा ठेवला. ते म्हणाले, आत्ताच घेऊन निघालो. आईने ऐकलं नाही, कप त्यांच्या हातात दिला. मग ते बोलले. घरात सुनेने जीव काढला होता, नातीने शाळेत जायचं बंद करायची धमकी दिली होती. लहानीसाठी पाणी पाहिजे होतं. टाकीचं मनावर घ्या, गाव उपकार विसरणार नाही, असं म्हणाले. त्यांचा आवाज अजिजीचा होता. त्या माणसाने आमच्या दारात येऊन काही मागावं, हे माझ्या बापाला बघायला मिळालं नाही याचं मला त्या वेळीही वाईट वाटलं.

आई त्यांच्या हातातल्या कपाकडे बघत होती.

"चहा घ्या ना भाऊ," ती म्हणाली. "त्याच पाण्याचा हाय."

त्यांनी कप वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही. चहावर साय धरायला लागली.

"माह्या एकट्याचं नाई ना, बाई," ते म्हणाले.

"तुमच्या एकट्याचंच इचारून राह्यली मी."

मग सगळं अंग वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू शिकलेली हायेस पोरी. तूच त्या पोरीले सांगलं का लहानीचे दात वाचतील म्हणून. आता तूच सांग, काय करा."

आई माझ्याकडे बघत होती. दारात शेजारच्या बायका उभ्या होत्या. मला माहीत होतं की त्या घरातल्या एका पोरीच्या हिरडीच्या आत काय घडतंय. एवढ्या लोकांत ते नीट माहीत असलेली मी एकटी होते. आणि मला हेही माहीत होतं की आजीच्या पिढीने खडक का फोडला. एक गोष्ट मला कॉलेजने दिली होती, दुसरी आईने. दोन्ही खऱ्या होत्या, आणि त्यांना जोडायचं कसं ते कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "विहीर उघडी आहे भाऊ. कोणालाही मनाई नाही. दोर घ्यायचा आणि शेंदायचं."

त्यांनी मान हलवली, म्हणजे खांदे हलवले. कप खाटेखाली ठेवला, उठले, आईला जय भीम केला. आईने जय भीम घातला. कप भरलेलाच होता. आईने तो चहा सदाफुलीच्या बुडाशी ओतला.

मी चुकले असं मी म्हणत नाही. तेव्हाही म्हटलं नाही, आजही नाही. शहरातल्या माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं, लहान पोरीचा प्रश्न होता, पाईप टाकू द्यायचा होता. बोलायला सोपं आहे. तिच्या आईने कधी कोणाच्या हातून पडणारी धार ओंजळीत घेतली नसेल. पण बरोबर असूनही एखादी गोष्ट गळ्यात अडकून राहते. मी खरं बोलले आणि त्या खऱ्याचा भार जिच्यावर पडला तिला अजून बोलताही येत नव्हतं.

ती मुलगी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती नुसती हिरवा कॅन परत द्यायला. कॅन तिचाच होता, आमचा नव्हता. आई म्हणाली, हा कशाले देतं मले? मुलगी म्हणाली, घरी ठेवला तं बाबा फेकून देतील, इथी राहू द्या. तो कॅन आईच्या स्वयंपाकघरात कोनाड्यात राहिला. बाकीच्या बायकाही यायच्या बंद झाल्या. रोवणा संपला होता, आता त्या वाटेने कोणाला जायचंच नव्हतं.

पुढे गावात पाणी शुद्ध करायचं मशीन आलं. फीत कापली. काही महिने चाललं. मग त्याची जाळी बदलायची होती, ती मिळाली नाही. आता त्या खोलीत धानाचं बियाणं ठेवतात. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, निदान भिंतीवरची फुली तरी पुसू. ते म्हणाले, मॅडम, ते वरून आलेलं चित्र आहे, वरून पत्र आलं की पुसू. मीही मग नेटाने मागे लागले नाही. पेटीतलं औषध संपलं, नवीन मागवायचं राहिलं. पाण्याचा धडा मी पुन्हा पुस्तकातूनच शिकवू लागले.

ती मुलगी दहावीत चांगली पास झाली. गडचिरोलीला नर्सिंगला गेली आणि तिकडेच दवाखान्यात लागली. लग्नाची पत्रिका द्यायला शाळेत आली होती. लग्नात स्टेजवर फोटोवाला तिला सारखा म्हणत होता, ताई, हसा. ती ओठ मिटून हसत होती.

आता आमच्या मोहल्ल्याचं सांगायला पाहिजे, नाहीतर ही गोष्ट अर्धीच राहील. तीन-चार वर्षांपूर्वी नळयोजना आली. नवीन बोअर मारली, पहिल्यापेक्षाही खोल. घरोघर नळ आला, नाल्याच्या दोन्ही बाजूंना, एकाच पाईपातून. तो दिवस आमच्याकडे सणासारखा गेला. गावाच्या आणि आमच्या पाण्यात पहिल्यांदाच काही फरक उरला नाही. घरच्या तोटीला पाणी आल्यावर विहिरीवर कोण जाईल? माझी वहिनी गेली नाही. मीही आईकडे गेले की नळाचाच चहा पिते. आई काही दिवस हट्टाने शेंदत राहिली, मग तिच्या खांद्यात बळ उरलं नाही. दोर खुंटीला गेला. विहिरीत पिंपळाची पानं साचली. जे पाणी आम्ही कोणाला पाईपातून दिलं नाही, ते आता आम्हीही घेत नाही.

यंदा लहानी माझ्या आठवीत आली.

हजेरी घेताना ती 'हजर' म्हणाली ती हाताआडून. बहिणीसारखीच. महिनाभर मी तिला प्रश्न विचारला नाही, कारण उत्तर द्यायला तिला हात काढावा लागला असता. मग माझी मलाच लाज वाटली. मी औषधाची नवीन बाटली मागवली, माझ्या खर्चाने, आणि पोरांना सांगितलं, उद्या घरून पाणी आणा.

बाटल्या आल्या. नावं चिकटवली. पिवळी, पिवळी, पिवळी. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांच्याही पिवळ्या. शेवटच्या बाटलीपर्यंत गुलाबी आलं नाही. कोणी कोणाला हसलं नाही, हसायला काही कारणच नव्हतं. एका पोराने विचारलं, मॅडम, मंग चांगलं पाणी दिसते कसं? त्याला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी मधल्या सुटीत नाला ओलांडला. आई दारात बसली होती. तिला आता फार दिसत नाही, चपलेच्या आवाजावरून ओळखते. मी दोर मागितला. दोर कशाले, तिने विचारलं. मी सांगितलं. विहिरीवर पानं बाजूला सारली, बादली सोडली, झटका दिला. हाताला सवय राहिली नव्हती, दुसऱ्या झटक्याला बादली भरली. ते पाणी घेऊन वर्गात आले, थेंब टाकले. गुलाबी झालं आणि गुलाबीच राहिलं. पोरं बाकं सोडून टेबलाभोवती जमली. मागून कोणीतरी विचारलं, हे कोणाचं पाणी हाय? मी म्हटलं, विहिरीचं.

शाळा सुटल्यावर लहानी थांबली. वर्ग रिकामा झाल्यावर टेबलापाशी आली.

"मॅडम, ताई म्हणते का तुम्ही तिले सांगलं होतं, लहानीचे वाचतील म्हणून."

"हो. सांगितलं होतं."

"मंग?"

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. घरी तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तिला चहाच्या कपाचं सांगू शकले असते, टाकीचं, खडकाचं. त्यातली प्रत्येक गोष्ट खरी होती आणि तिच्या दातांपुढे एकही पुरी पडत नव्हती. मी म्हटलं, तुला पाणी मिळालं नाही. पाणी होतं, पण तुझ्यापर्यंत आलं नाही. आम्हा मोठ्या माणसांचं जमलं नाही.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली की ताई बाळंतपणाला आली होती, अजून घरीच आहे. मुलगी झाली. आता तिला वरचं सुरू करायचं, भाताची पेज, डाळीचं पाणी. ताईनेच विचारून ये म्हणून सांगितलं होतं.

"त्या विहिरीत अजून पाणी राहते का मॅडम? ताई म्हणे, इचार."

टेबलावरच्या बाटलीत अर्धं पाणी उरलं होतं, औषध न टाकलेलं. ते मी तिला दिलं नाही.

"राहतं," मी म्हटलं. "उकळून द्यायला सांग."

"बाळीचे वाचतील?"

हा प्रश्न दुसऱ्यांदा आला तेव्हा मला पहिल्यासारखं उत्तर देता आलं नाही. घरात आता कोण काय म्हणेल, ताई माहेरी किती दिवस, विहिरीची पानं कोण काढेल, यातलं काहीच पेटीतल्या थेंबांनी कळत नाही. मी एवढंच सांगितलं की दोर माझ्या आईच्या घरी आहे, दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला खुंटीवर. आणि कोनाड्यात एक हिरवा कॅन आहे, तो तुझ्या ताईचाच आहे.